‘पण’नंतरचं वाक्य

डोंबिवलीच्या सायबर कॅफेत एका प्रिंटआउटला दोन रुपये पडायचे. २००३ साली, अकरावीत असताना, मी एका दमात सोळा पानं काढली होती. बत्तीस रुपये म्हणजे त्या महिन्याचे झाडून सगळे खाऊचे पैसे. तीन पानं एका गेमच्या रिव्ह्यूची होती आणि तेरा पानं कुणीतरी परोपकारी माणसाने टाइप केलेल्या तक्त्यांची: कुठला धातू कशात मिसळला की काय तयार होतं. तक्त्यांच्या पानांवर चहाचे डाग आहेत, कडा फाटल्या आहेत. रिव्ह्यूची पानं मात्र कोरी राहिली. त्यांतल्या एकाच वाक्याखाली निळ्या पेनाची रेघ आहे. त्याचा आशय असा: कथा उत्कृष्ट, चित्रं उत्कृष्ट, संगीत उत्कृष्ट, पण शस्त्रं घडवण्याचं प्रकरण फारच किचकट.

त्या ‘पण’ने मला तेव्हा फार दुखावलं होतं. आज वीस-बावीस वर्षांनी तो रिव्ह्यू पुन्हा वाचला, तर त्यात एक शब्दही खोटा नाही. तरीही तेव्हाचं दुखावणं बरोबर होतं असंच मला वाटतं, आणि ते का, हे एकदा नीट लिहून काढायचं आहे.

गेमचं नाव ‘व्हेग्रंट स्टोरी’. स्क्वेअर या जपानी कंपनीने तो १० फेब्रुवारी २००० रोजी पहिल्या प्लेस्टेशनवर आणला. दिग्दर्शक, निर्माता आणि लेखक एकच, यासुमी मात्सुनो. ‘टॅक्टिक्स ओग्र’ आणि ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हे त्याचे आधीचे गेम. जपानमधल्या ‘फामित्सू’ साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस तोवर दोनच गेमना मिळाले होते: १९९८ मध्ये झेल्डा मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ला आणि १९९९ मध्ये ‘सोलकॅलिबर’ला. तिसरा मान ‘व्हेग्रंट स्टोरी’चा, आणि प्लेस्टेशनवरचा तो पहिलाच. इंग्रजी आवृत्ती मे महिन्यात आली. तिकडच्या समीक्षकांनीही डोक्यावर घेतलं. मेटाक्रिटिक या समीक्षकांचे गुण गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर त्यांच्या गुणांची सरासरी शंभरात ९२ आहे.

एवढं असूनही हा गेम फार लोकांच्या तोंडी राहिला नाही. एक तर वेळ वाईट होती. जपानमध्ये गेम आला आणि जेमतेम तीन आठवड्यांनी, ४ मार्चला, प्लेस्टेशन २ बाजारात आला. सगळ्यांचे डोळे त्या नव्या यंत्राकडे लागलेले असताना जुन्या यंत्रावरच्या या शेवटच्या थोर कामाकडे कोण बघणार?

दुसरं कारण त्या ‘पण’मध्ये आहे.

गुण कशाकशाला मिळाले ते आधी सांगते, कारण तेही मनापासून पटण्यासारखं आहे. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी दोन मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. तेवढ्यात या लोकांनी लेआ मोंड नावाचं एक आख्खं मृत शहर उभं केलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात गाडलं गेलेलं, समुद्रात एकटं उरलेलं. त्यासाठी संघाने फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या सेंत-एमिलियाँ या जुन्या गावाचा अभ्यास केला होता. ते गाव वाइनचं, म्हणून गेममध्ये या शहरातली सुरुवातही वाइनच्या तळघरात होते. दगडी कमानी, पिंपांच्या रांगा, वरून झिरपणारा उजेड. त्या काळी मोठे गेम कथेचे प्रसंग आधीच तयार केलेल्या चित्रफितींतून दाखवत. इथे मात्र ज्या बाहुल्या आपण खेळवतो त्याच बाहुल्या अभिनय करतात, आणि कॅमेरा सिनेमावाल्याच्या हातात असावा तसा फिरतो. बोलणं कॉमिकसारख्या फुग्यांतून. आवाज एकाचाही नाही, पण हितोशी साकिमोतोचं संगीत इतकं बोलतं की आवाजाची उणीव मला कधी जाणवली नाही. इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर ओ. स्मिथचं. मूळ जपानी संवाद बरेच साधे आहेत. त्यांना जुन्या इंग्रजीचा भारदस्त बाज त्याने चढवला. शब्दकोश मांडीवर घेऊन मी खेळले तो हाच गेम. माझं इंग्रजी सुधारलं ते कॉलेजमुळे, असं आई अजूनही सगळ्यांना सांगते.

आता शस्त्रांकडे येते.

लेआ मोंडमध्ये दुकान नाही. नायक ॲश्ली रायट एकटाच आत शिरतो, आणि शहरात विकणारंही कुणी जिवंत नाही. मिळेल ते उचलायचं आणि स्वतः घडवायचं. अधूनमधून ओस पडलेल्या कार्यशाळा लागतात. त्यांना नावं आहेत, आत बाक आहेत, हत्यारं आहेत. लोहार तेवढा नाही. प्रत्येक शस्त्र म्हणजे एक पातं आणि एक मूठ. मुठीला खाचा असतात, त्यांत रत्नं बसवता येतात. पाती कांस्य, लोखंड, हागाने, चांदी किंवा दमास्कसची. हागाने म्हणजे जपानीत पोलाद. दोन पाती एकत्र करून तिसरं बनवता येतं, आणि ते आधीच्या दोन्हींपेक्षा वाईटही निघू शकतं. सुरुवातीच्या कार्यशाळांत सगळे धातू हाताळता येत नाहीत. दमास्कसची पाती मिसळायची तर ‘गॉडहँड्स’ नावाची कार्यशाळा सापडेपर्यंत थांबायचं.

इथवर सोपं आहे. पुढे प्रत्येक शस्त्राच्या प्रहाराचा प्रकार येतो: ठोकणारं, कापणारं की भोसकणारं. मग शत्रूच्या सहा जाती: माणूस, पशू, प्रेत, छायारूप, ड्रॅगन आणि दुष्टशक्ती. मग वारा, अग्नी, पृथ्वी, पाणी, उजेड, अंधार ही तत्त्वं. या प्रत्येकाचा आकडा प्रत्येक पात्यावर नोंदलेला असतो आणि तो स्थिर नसतो. माणसांवर वार करत राहिलात की पात्याचा ‘माणूस’ हा आकडा हळूहळू चढतो आणि दुसरा कुठला तरी उतरतो. म्हणजे सैनिकांशी लढून धारदार झालेली तलवार ड्रॅगनसमोर काढली की ती बोथट निघते.

मी हे शिकले ते गोलेमकडून. दगडी अंगाचा, ढिम्म, सावकाश चालणारा राक्षस. माझी तलवार कापणारी, माणसांवर पाजळलेली. पहिला वार केला, आकडा उमटला: शून्य. दुसरा वार, एक. मग पुन्हा शून्य. गेम मध्येच थांबवला की ॲश्लीभोवती तारांचा गोल उमटतो आणि शत्रूचा कुठला अवयव टप्प्यात आहे ते दिसतं. हात बघितला, पाय बघितला, डोकं बघितलं, सगळीकडे तेच. वार लागण्याच्या क्षणी ॲश्लीच्या डोक्यावर उद्गारचिन्ह चमकतं; नेमकं त्याच वेळी बटण दाबलं की वाराला वार जोडून साखळी लांबवता येते. मी बारा-बारा वारांच्या साखळ्या लावल्या. पण साखळी लांबली की ‘रिस्क’ चढते, आपला नेम चुकायला लागतो आणि समोरच्याचा घाव जास्त लागतो. गोलेमच्या एका ठोशात सगळं संपलं. त्या दिवशी असं सात वेळा झालं. आठव्या वेळी मी कार्यशाळेत परत गेले, आतापर्यंत अडगळीत टाकलेला एक हातोडा काढला, त्याला जरा बरी मूठ लावली आणि परत आले. तोच गोलेम, तीच मी, पण आकडे भराभर उमटू लागले. उठून घरभर नाचावंसं वाटलं होतं. रात्रीचे दोन वाजले होते, म्हणून नाचले नाही.

समीक्षकांचं म्हणणं इथेच होतं. हातोडा काढण्यासाठी मेन्यू उघडा, त्यातला मेन्यू उघडा, तलवार ठेवा, हातोडा घ्या. पुढच्या खोलीत पशू आहे, पुन्हा बदला. खोलीगणिक बदला. जास्तीची शस्त्रं ठेवायला पेटी दिली आहे, पण ती उघडायची तर दर वेळी मेमरी कार्ड वाचलं जाणार आणि पेटी बंद करताना पुन्हा लिहिलं जाणार. एक हातोडा काढायला किती वेळ जायचा म्हणून सांगू? मी तेवढ्यात पाणी पिऊन यायचे. हा दोष आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. ज्याने या कारणासाठी एक गुण कापला असेल त्याने योग्य केलं. आणि ज्यांनी हे सगळं सोसूनही पूर्ण गुण दिले, त्यांच्याबद्दल मला वेगळाच आदर वाटतो.

माझं भांडण गुणांशी नाही, वाक्याच्या मांडणीशी आहे. ‘कथा उत्तम, पण शस्त्रं किचकट’ असं लिहिलं की कथा एका बाजूला पडते आणि शस्त्रं दुसऱ्या बाजूला. जणू एका सुंदर इमारतीला कुणी गैरसोयीचा जिना लावला आहे. मला तेव्हा मांडता येत नव्हतं, पण रेघ मारताना मनात हेच होतं: जिना बाहेरून लावलेला नाही, इमारतच त्या जिन्याची आहे.

ॲश्लीची गोष्ट आठवून बघा. त्याची बायको आणि मुलगा मारले गेले, असं त्याला आठवतं. सिडनी लॉस्टॅरॉट हा त्याचा प्रतिस्पर्धी त्याला ती आठवण पुन्हा दाखवतो. रोझेनक्रांत्झ नावाचा दुसरा एक जण मात्र सांगतो की तुझी ही आठवण खरी नाही. तू त्यांचा कुणी नव्हतास. तुझ्या डोक्यात कुणीतरी ही गोष्ट पेरली आहे. खरं काय ते गेम शेवटपर्यंत ठामपणे सांगत नाही. ॲश्लीला लढाईची नवी कौशल्यं मिळतात तीही ‘शिकला’ म्हणून मिळत नाहीत. त्याला ती ‘आठवतात’. कधीकाळी येत असलेलं, पुसून टाकलेलं, पुन्हा वर येतं. म्हणजे हा एक असा माणूस आहे ज्याचा स्वतःच्या भूतकाळावरचा विश्वास उडाला आहे.

आणि त्याच्या हातात काय आहे? कुणाकुणावर वार केले याची नोंद ठेवणारं पातं. माणसाच्या आठवणीवर भरवसा नाही, लोखंडाच्या आठवणीत मात्र एकाचाही घोळ नाही. मेन्यूत जाऊन बघितलं की आकडे समोर. इतकी माणसं, इतकी प्रेतं, इतके ड्रॅगन. समीक्षकांना जो हिशेबाचा कंटाळा वाटला तो हिशेब म्हणजेच या गोष्टीतलं एकमेव विश्वासार्ह चरित्र आहे. हे माझ्या लक्षात आलं ते खेळ संपल्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तेही गेमसमोर बसलेली असताना नाही.

आजी गेल्यावर तिची विळी आमच्याकडे आली. पाट शिसवी, पातं काळं, आणि मधोमध आत गेलेलं, चंद्रकोरीसारखं झिजलेलं. पन्नासेक वर्षं आजीने एकाच जागी भाजी धरली, एकाच कोनात दाबली. आई तिच्यावर चिरायला बसली आणि पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं. विळीला धार होतीच, पण ती आजीच्या हाताची होती. आई म्हणाली, “ही आपल्याला ओळखतच नाही गं.” त्या वाक्यासरशी मला गोलेम आठवला. शून्य, एक, शून्य.

या गेममध्ये आपल्या बाजूचा एक धागा आहे, तोही सांगायलाच हवा. सगळ्यात वरचा धातू म्हणून जे दमास्कस दिलंय, त्या प्रसिद्ध पोलादाचं मूळ दक्षिण भारतात आहे. मातीच्या मुशीत लोखंड आणि झाडाचा पालापाचोळा, लाकूड असं काही घालून, तोंड लिंपून, भट्टीत तापवायचं. आतून निघणारी पोलादाची लहानशी ढेप व्यापारी पार इराण आणि अरबस्तानापर्यंत नेत. तेलंगणातलं कोनसमुद्रम हे गाव त्यासाठी नावाजलेलं होतं. कानडी-तेलुगूतल्या ‘उक्कु’ या शब्दावरूनच इंग्रजीत ‘वुट्झ’ आलं असं मानतात. मायकेल फॅरेडेनेसुद्धा विजेच्या कामात पडण्याआधीच्या दिवसांत या पोलादावर प्रयोग केले होते. अकरावीतल्या मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दमास्कस हे सिरियातलं शहर, एवढीच माहिती होती.

पातं एकीकडचं आणि मूठ दुसरीकडची, हा प्रकार तर आपल्याला चांगलाच परिचयाचा. मराठ्यांची फिरंग म्हणजे तीच. सरळ, लांब, युरोपातून आलेलं पातं आणि त्यावर इथल्या कारागिराने चढवलेली आपल्या धाटणीची मूठ, बोटांचं रक्षण करणाऱ्या परजेसकट. मुठीच्या पोकळीत राळ भरून पातं पक्कं बसवायचं. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर भोसल्यांच्या रघूजीराजांची तलवार परत मिळवली, तिची छायाचित्रं आली तेव्हा मी ती मोठी करकरून बघत होते. पातं युरोपी, मूठ इथली सोन्याच्या कामाची, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत धन्याचं नाव, सेनासाहेबसुभा हे पद आणि शेवटी ‘फिरंग’. शस्त्राला जोडणी आहे, मालक आहे, नाव आहे. ‘व्हेग्रंट स्टोरी’तही पात्याला मूठ लावली की गेम विचारतो, याचं नाव काय ठेवू? ॲश्ली सुरुवातीला घेऊन येतो त्या तलवारीलाही नाव आहेच, ‘फॅन्डँगो’. मी माझ्या तलवारीला काय नाव दिलं असेल ते कुठल्याही मराठी मुलीला सांगावं लागणार नाही. भवानी. रोमन अक्षरांत, एकेक अक्षर निवडून.

त्यानंतरची वीस वर्षं मी अशा प्रत्येक गेमचे रिव्ह्यू वाचत आले ज्यात शस्त्र घडवायचं असतं. त्या ‘पण’ने जागा बदलली, तो गेला मात्र नाही. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये शस्त्रं चार वारांत मोडतात म्हणून केवढा गहजब झाला, तरी मेटाक्रिटिकवर ९७. मग २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये काठीला दगड चिकटवा, तलवारीला राक्षसाचं शिंग चिकटवा अशी मुभा दिली, आणि तेच समीक्षक हरखून गेले. मीही हरखले. जे ‘व्हेग्रंट स्टोरी’त चार मेन्यू ओलांडून करावं लागत होतं ते तिथे चालता चालता होतं. रचना म्हणून ते कितीतरी पुढचं पाऊल आहे, हे मान्यच. फक्त त्या काठीला काही आठवत नाही. मोडते, आपण दुसरी उचलतो, पुढे जातो. मला त्यातलं एकही शस्त्र आज आठवत नाही आणि भवानीचे आकडे मात्र आठवतात.

समीक्षकाची अडचण मला कळते. त्याच्याकडे आठ-दहा दिवस असतात. ‘व्हेग्रंट स्टोरी’ एकदा संपवायला पंचवीस-तीस तास लागतात. तेवढ्यात कथा दिसते, चित्रं दिसतात, संगीत कानात बसतं. शस्त्र तेवढ्यात नुसतं अडथळाच दिसणार, कारण ते अजून त्याचं झालेलं नसतं. गेममध्ये काही खोल्यांत सरावाचे पुतळे उभे आहेत, शत्रूच्या एकेका जातीचे. ते उलट वार करत नाहीत. त्यांच्यापुढे उभं राहून पात्याचा एक आकडा शंभराकडे न्यायला कितीतरी संध्याकाळी जातात. माझ्या गेल्या. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “तो पुतळा अजून पडला नाही का गं?” पहिल्या आठवड्यात लिहिल्या जाणाऱ्या कुठल्याही समीक्षेत त्या संध्याकाळींची नोंद होणं शक्य नाही. म्हणून मला वाटतं, गेमवर दुसरी समीक्षाही असावी, वीस वर्षांनंतरची. गाण्याच्या मैफलीवर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं ते वेगळं आणि तीच चीज आयुष्यभर ऐकलेला माणूस सांगतो ते वेगळं. मराठीत गेमवर असं लिहिलेलं मला फारसं सापडत नाही. लिहायला हवं. आमची एक आख्खी पिढी या गेममध्ये वाढली आहे, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे.

गेल्या दिवाळीत मावसभावाने त्याचं जुनं प्लेस्टेशन माळ्यावरून काढलं. मस्कतहून मावशीने आणलेलं, राखाडी, झाकण जरा सैल झालेलं. मेमरी कार्डही सोबत होतं, रबरबँड लावून ठेवलेलं. चालेल अशी आशा नव्हती. पण चाललं. माझा जुना सेव्ह तसाच होता, खेळ एकदा पूर्ण केल्याच्या खुणेसकट.

या गेममध्ये शेवटापर्यंत पोचून पुन्हा सुरुवात केली की कथा पहिल्यापासून सुरू होते, पण शस्त्रं सोबत येतात. मी सुरू केला. ॲश्ली वाइनच्या तळघरात उतरला. त्याला काहीच माहीत नाही. सिडनी काय दाखवणार आहे ते नाही, बायको-मुलाबद्दलची शंका नाही, शेवटी काय होणार आहे तेही नाही. पिंपांच्या रांगा, कमानी, तोच उजेड. दादाने शेजारी बसून विचारलं, “आठवतंय का तुला काही?” मी मेन्यू उघडला, शस्त्रांच्या यादीत गेले. भवानी पहिलीच होती. माणूस ब्याऐंशी, ड्रॅगन चौदा.

“हातोडा कुठे ठेवलास गं?” दादा म्हणाला, आणि आम्ही पेटी उघडून मेमरी कार्ड वाचलं जाण्याची वाट बघत बसलो.